तिकिटाला लहान, घासाला मोठा

आणि वर मलाच म्हणतो, "आई, तुला हात धुवायची काय गरज होती!" आता तुम्हीच सांगा, लेकराला भरवायचं म्हणजे हात धुवायचे नाहीत? ह्याला भरवलं, ह्याच्या बहिणीला भरवलं, शेजारणीची तीन पोरं भरवली, पण हात धुतल्याशिवाय माझ्याकडून एक घास कुणाच्या तोंडात गेला नाही, आणि हा मला भर उन्हात, चारचौघांत... जाऊ द्या. पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीनं मधूनच सुरुवात केली.

तर आमचा नातू. सव्वादोन वर्षांचा. आम्ही त्याला खारोबा म्हणतो, कारण खारीसारखा घास गालात धरून बसतो. गिळायचा नाही, थुंकायचा नाही, नुसता सांभाळून ठेवायचा! सकाळी दिलेला बिस्किटाचा तुकडा दुपारी झोपेत बाहेर आला, तुम्हाला खोटं वाटेल. आधीच हा असा, त्यात आठ दिवस तापानं फणफणला. ताप उतरला, पण पोरगं नुसतं डोळ्यांपुरतं उरलं, कमरेची चड्डी हातात धरून चालायचं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर ठेवलं आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, बातमी बरी नाही. म्हणाल्या, "आजी, औषध संपलं. आता घास हेच औषध. दर दोन तासांनी चार घास पोटात गेलेच पाहिजेत. तेलकट नको, तिखट नको, बाहेरचं तर अजिबात नको. सोमवारी परत आणा, आणि वजन आणखी उतरलं तर मला ठेवून घ्यावं लागेल." ठेवून घ्यावं लागेल! सून तिथल्या तिथे पांढरी पडली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात आमची ती थीम पार्कची सहल! मुलानं दोन महिने आधीच पैसे भरलेले. वर्षभर सुट्टीच्या दिवशीसुद्धा कारखान्यात गेला, तेव्हा कुठे ते जमलं. फोन करून विचारलंन त्यानं, तारीख बदलता का, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सॉरी सर, बदलता येणार नाही." सून म्हणाली, "मी राहते घरी ह्याला घेऊन." मुलगा म्हणाला, "मग मी एकटा जाऊन झोपाळ्यावर बसू?" झालं, भांड्याला भांडं लागलं. मी म्हटलं, चला सगळे, त्याच्या जेवणाचं माझ्याकडे. कुणी विचारलं होतं का मला? नाही. पण आपली जीभ, आपल्यालाच जड.

तर तुम्हाला सांगते, आदल्या रात्री पार्कजवळच्या लॉजवर उतरलो, पहाटे उठले, लॉजच्या आचाऱ्याला मस्का लावला, त्याच्या शेगडीचा एक कोपरा मागून घेतला आणि मऊ भात शिजवला, त्यात बटाटा-गाजर कुस्करलं, चिमूटभर मीठ, सगळं डब्यात, डबा फडक्यात, फडकं पिवळ्या पिशवीत. दोन केळी. झाला दिवस! खर्च म्हणाल तर आचाऱ्याला माझ्या तोंडची दोन गोड वाक्यं.

गेलो फाटकाशी. तिथे एक रंगीत काठी उभी केलेली, पोरं मापायची. आमच्या खारोबाला काठीशी उभं केलं, तर तो लाल रेषेच्या दोन बोटं खाली. तिकीट घेणारी मुलगी म्हणाली, "ह्याचं तिकीट नाही, लहान आहे." माझा मुलगा इतका खूश झाला, जसं काही ते दोन बोटं कमी भरायचं काम त्यानंच केलं होतं! पुढे चार पावलांवर पिशव्या तपासणारा पहारेकरी. मिशा ह्या एवढ्या. डबा बाहेर काढला. "बाहेरचं खाणं आत चालत नाही." मी म्हटलं, "अहो, बाहेरचं कुठलं, घरचं आहे!" "घरचं म्हणजेच बाहेरचं, आजी." घ्या! डॉक्टरीणबाई म्हणतात बाहेरचं नको, हा म्हणतो घरचं तेच बाहेरचं. मी काठीकडे बोट केलं, म्हटलं, लहान पोर आहे, आत्ताच तुमच्या बाईंनी मापलंय. तर म्हणतो, "ती काठी तिकिटाची. जेवणाला वय लागतं. दोनच्या आतलं बाळ असेल तरच डबा चालतो."

म्हणजे बघा हं... तिकिटाला लहान आणि घासाला मोठा!

बरं, माणूस तो वाईट नव्हता. पोराकडे बघितलंन, त्याची ती काडीसारखी मानगूट बघितलीन, आणि हळूच मला म्हणाला, "आजी, दोन पूर्ण व्हायचीत ना अजून?" अहो, देवासारखं दार उघडून दिलं त्यानं! नुसतं "हो" म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणावं? "छे हो! सव्वादोन झाली. सगळं स्पष्ट बोलतो, वीसपर्यंत मोजतो!" सुनेनं मागून असा चिमटा काढला म्हणून सांगू, आठ दिवस निळं होतं. पण आजीच्या तोंडातून नातवाचं वय कमी निघतं का कधी? डबा गेला मांडणीवर, माझ्या हातात आला एक बिल्ला, सव्वीस नंबरचा. खारोबानं सव्वीसपर्यंत मोजायचा प्रयत्न केला, वीसवर अडकला.

आत गेलो. आत काय नाही! वर उलटी लटकणारी माणसं, खाली किंचाळणारी माणसं, मध्ये आम्ही. मी कशातही बसणार नव्हते, मला आपलं घड्याळ. नऊ वाजले, चार घास नाही. अकरा वाजले, चार घास नाही. केळीसुद्धा मिशावाल्यानं ठेवून घेतलेली. शेवटी गेले एका खाण्याच्या खिडकीशी, तिथे टोपी घातलेली मुलगी. म्हटलं, बाई, एक वाटी साधा भात दे. "साधा भात नाही, आजी. कॉम्बो आहे." कॉम्बोत काय? "मसाला राइस, फ्राइज, कोल्ड्रिंक आणि टोपी." मी म्हटलं, त्यातला भात तेवढा दे, टोपी तुझ्याकडेच असू दे. "कॉम्बो फोडता येत नाही." का गं? नारळ आहे का? ती हसली, पण फोडला नाही. लहान मुलाचा अर्धा? "अर्धा नसतो, आजी." खारोबाचं तिकीट नव्हतं म्हणून जेवढे पैसे वाचले, तेवढे त्या एका ताटलीत गेले. तिकिटाला लहान आणि घासाला मोठा, दुसरं काय!

भात कसला, लालभडक! मी काय केलं, पिण्याच्या पाण्याच्या नळाशी गेले आणि कागदाच्या पेल्यात तो भात धुतला. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. मागे रांग लागली. एक बाई म्हणाली, "हे काय चाललंय?" म्हटलं, "तांदूळ धुतेय, काय चुकलं?" "पण शिजलेला?" आता तिला सगळी कहाणी कुठे सांगत बसू!

बसलो सावलीत. खारोबाला मांडीवर घेतलं, चिऊचा घास झाला, काऊचा घास झाला, गाडीचा घास झाला, तोंड मिटलेलंच. शेवटी कसंबसं, इतकंसं उघडलं, मी घास नेला... आणि समोर ससा! माणसाएवढा ससा हो, गुलाबी, दात हे एवढाले, हात हलवत थेट अंगावर! पोरानं अशी किंकाळी फोडली की घास उडाला तो सशाच्या पोटावर. आणि त्या सशाच्या आतून घामेजलेला आवाज, "सॉरी मावशी, ह्यातून खालचं काही दिसत नाही." अरे, नाही दिसत तर लेकरांच्या जेवणात कशाला शिरतोस! पण त्याचंही पोटच. म्हटलं, जा बाबा, पाणी पी.

बारा वाजले. आता मात्र पोराचं रडणंही थांबलं. तुम्ही पोरं वाढवलीत, तुम्हाला ठाऊक, रडणारं पोर बरं, गप्प पडलेलं वाईट. खांद्यावर मान टाकून पडलं. ओठ सुकलेले. रांगेत उभ्या उभ्या सुनेच्या डोळ्यांतून पाणी. "यायलाच नको होतं आपण. सोमवारी ठेवूनच घेतील त्याला." मुलगा नुसता त्या आकाशपाळण्याकडे बघत राहिला, वर्षभराच्या सगळ्या सुट्ट्या त्यात गोल गोल फिरताहेत असा. जेवणाचं माझ्याकडे, असं मीच म्हटलं होतं ना? म्हटलं, द्या इकडे त्याला. मी बाहेर जाते, डबा भरवते, परत येते. तुम्ही दोघं बसा पाळण्यात, रांगेतून बाहेर पडू नका.

बाहेर जाणाऱ्याच्या हातावर शिक्का मारतात. निळा, गोल. मारणारा म्हणाला, "आजी, हा दाखवला की परत आत." म्हटलं, बरं.

बिल्ला दिला, डबा घेतला. मिशावाल्यानं तो आपल्या पंख्याखाली ठेवला होता, म्हणून भात आंबला नव्हता, त्याचं भलं होवो. बाकडं पाहिलं, नळ पाहिला, आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. हात धुतले. साबण होता, कोपरापर्यंत धुतले. पोराचेही धुतले.

बाकड्यासमोर तो फिरता दांडा होता, माणूस आत-बाहेर झालं की टक् वाजणारा. मी पहिला घास धरला, तेवढ्यात एक जाडा गृहस्थ आत शिरला. टक्! खारोबाची मान वर. दुसरा शिरला. टक्! डोळे मोठे. मी घास पुढे केला. टक्! तोंड उघडलं! आणि गिळला हो! गालात नाही, पोटात! मग काय, माणूस आलं की टक्, टक् की घास. एक शाळाच आली पोरांची, मला कुस्करायला वेळ पुरेना. मधेच गर्दी थांबली तर हा तोंड मिटून बसला, तर मिशावाला स्वतः उठला आणि दांडा दोनदा फिरवून गेला. डबा रिकामा झाला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. मी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि मग माझे डोळे.

एवढ्यात आत भोंगा वाजला. "एक आजी आणि लहान मुलगा हरवले आहेत. आजींच्या हातात पिवळी पिशवी आहे. कुणाला आढळल्यास..." मी मिशावाल्याला म्हटलं, "बघा कसली बावळट बाई असेल! पोराला घेऊन हरवते म्हणजे काय?" तो माझ्या पिशवीकडे बघतोय. मीही पिशवीकडे बघितलं. धावले दांड्याकडे. "शिक्का?" दाखवला हात. हात कसला, घासलेलं ताट! मी म्हटलं, "अरे बाबा, तूच मारलास ना मघाशी?" "मीच मारला, आजी." "मग?" "पण आता दिसत नाहीये." "मी तर दिसतेय!" "तुम्ही दिसून काय उपयोग?" हे ऐका! आणि खारोबाला मात्र म्हणतो, "ह्याला जाऊ द्या, ह्याला शिक्का लागत नाही, लहान आहे." म्हणजे परत तेच, घासाला मोठा आणि तिकिटाला लहान, आता हा सव्वादोन वर्षांचा एकटाच जाऊन आईबापांना शोधणार होता का?

तासाभरात मी परतले नाही म्हणून त्या दोघांनीच पुकारायला लावलं होतं, मग मिशावाल्यानं आत निरोप पाठवला. आणि ती दोघं अशी धावत आली, अशी धावत आली, की शिक्का न घेताच बाहेर! टक्, टक्! खारोबानं दोनदा तोंड उघडलं. दुपारचा एक वाजला होता, रात्री आठपर्यंतचे पैसे भरलेले, आणि आम्ही सगळेच्या सगळे रस्त्यावर. तेव्हा म्हणाला हो तो, "आई, तुला हात धुवायची काय गरज होती!" त्याची वर्षभराची मेहनत होती ती. सुनेनं मात्र आधी डबा उचलला. उघडला. उलटा केला. एक शीत पडलं. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली की हसली, मला अजून कळलेलं नाही. मग मुलगा तिच्याशेजारी बसला. त्यानं ते शीत उचललं, आणि त्याची पहिली पगारवाढ झाली तेव्हा पाकिटाकडेसुद्धा नाही बघितलं, तसं बघितलं त्याच्याकडे.

सोमवारी वजन भरलं. थोडंच, पण भरलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला नाही. म्हणाल्या, "आजी, जे करताय तेच चालू ठेवा." तेच चालू ठेवा! त्यांना काय जातंय बोलायला? आता घरी हा पठ्ठ्या कुणी दारातून आत आल्याशिवाय तोंड उघडत नाही. मुलगा कामावरून येतो, चपला काढायच्या आत दहा वेळा आत-बाहेर करतो, तोंडानं टक् म्हणतो, बारा तास उभं राहून आलेला माणूस! सून भाजी चिरत चिरत आत-बाहेर. परवा दूधवाला आला, त्याला सहा वेळा फिरवला, तो आता दूध खिडकीतूनच देतो.

अहो, उठलात? बसा की... बरं, निघायचंच असेल तर निघा, पण असे घाईनं नको, एकेकानं दारातून जा आणि जाताना नीट टक् म्हणा. हं, असं. आणि जरा परत आत या, खारोबाची अजून अर्धी वाटी उरलीय.