एकोणिसाचा पाढा

(खालापूरजवळचं एक गाव, १९४८. निवृत्त शिक्षक आबाजी गुरुजींची ओटी. समोर त्यांचा जुना विद्यार्थी पोपट. तो आता मुंबईच्या बोलपट कंपनीत गोष्टी लिहितो, आणि नवी गोष्ट गुरुजींना वाचून दाखवतो आहे.)

आबाजी : थांब जरा, पोपट. मागच्या पानावर शिपायांनी याचे दात पाडले ना?

पोपट : पाडले. रक्ताच्या गुळण्या. कॅमेरा अगदी जवळ.

आबाजी : मग या पानावर एवढं लांब भाषण तो कुठल्या तोंडानं करतो?

पोपट : नायक आहे तो, गुरुजी! मरतो, पण साथीदाराचं नाव सांगत नाही.

आबाजी : बरं. आणि हा दुसरा? भट्टीवरचा लंगडा कोळसेवाला. याला कोणी बोटही लावलं नाही, तोवर हसत हसत नाव सांगून मोकळा?

पोपट : खलनायक आहे.

आबाजी : तो लंगडा कधी झाला, रे? चावडीत नेईपर्यंत चांगला पळायचा. तंबूत चित्र लागलं की अख्खं कर्जत ओळखेल त्याला.

पोपट : ओळखू दे! माझ्या भावाचं नाव सांगितलं त्यानं. बेचाळीसात विजेचे मनोरे पाडणारा आमचा वाल्मिक, पोलिसांनी डोंगरात गोळ्या घातल्या त्याला. आईनं सदऱ्यावरून ओळखला. तोंड उरलंच नव्हतं. उद्या कंपनीला कागद द्यायचेत. एक अक्षर बदलणार नाही.

आबाजी : नको बदलूस. पण न विचारता लिहिलंस, ते काही बरोबर नाही. भिवाजी, ये रे बाहेर.

पोपट : हा? तुमच्या घरात?

भिवाजी : जातो मी, गुरुजी.

आबाजी : बस. चावडीत काय झालं, ते सांग याला.

भिवाजी : काय सांगायचं... आदी तळव्यावर मारलं. मग गुडघा दगडावर ठिवला आन वरून बंदुकीचा दस्ता हाणला. हाड मोडल्याचं माजं मीच आइकलं. आन तोंडातनं पाढा आला.

पोपट : काय आला?

भिवाजी : पाढा. एकोणिसाचा. शाळंत पाढा चालू आसला का गुरुजींची छडी थांबायची. अडला का बसायची. तोंडाला येवढंच ठावं व्हतं.

आबाजी : छडी होती माझ्या हातात. खोटं नाही.

भिवाजी : फौजदाराला वाटलं, थट्टा करतोय. त्यानं नखं काढली. मी आपला पाढाच म्हणतोय. पाचापर्यंत आला आन अडलो. तितंच तर बापानं शाळंतनं काढून भट्टीवर नेला व्हता. म्होरचं येतच नाय. मार थांबना. मंग तोंडात जे व्हतं ते भायेर पडलं. वाल्मिकचं नाव. रानातली जागा.

पोपट : थापा! मार खाताना पाढे म्हणतं का कोणी? गुरुजी, तुम्ही पढवलंत याला!

आबाजी : पोपट, माझी काठी खाली ठेव.

पोपट : बघू ना, याच्या तोंडातून काय येतं! हे घे!

भिवाजी : आई गं!

आबाजी : अरे, त्याच गुडघ्यावर नको रे!

पोपट : बोल! आज कुणाचं नाव सांगतोस? बोल!

भिवाजी : एकोणीस एके एकोणीस... एकोणीस दुणे अडतीस...

आबाजी : रक्त आलं, पोपट. सोड त्याला.

भिवाजी : एकोणीस त्रिक सत्तावन... एकोणीस चोक शात्तर...

पोपट : गप! गप बस म्हणतो ना!

भिवाजी : एकोणीस पाचे पंच्याण्णव... एकोणीस सक... एकोणीस सक...

आबाजी : काठी वरच आहे तुझ्या हातात.

भिवाजी : मारू नको रं, आठवतो... एकोणीस सक...

पोपट : एकशे चौदा.

भिवाजी : आं?

पोपट : एकोणीस सक एकशे चौदा.

भिवाजी : एकशे चौदा... येवढंच व्हतं व्हय?