भुरीमायला गॉगल

नाही, पण लंडन कशाला? मला एवढंच सांगा, लंडन कशाला? सहा वर्षं ती मालिका साखर कारखान्याच्या फाटकासमोरची चहाची टपरी सोडून कुठे गेली नाही, टपरी भुरीमायची, भुरीमाय साठीची, आणि गोष्ट म्हणाल तर काय, ऊस भरलेले ट्रॅक्टर रांगेत खोळंबलेत, ड्रायव्हरांनी चहा सांगितलाय, चहा काही येत नाही, आणि तोवर गप्पा! नावच ‘चहा सांगेल शे’. आमच्या अहिराणीत, म्हणजे चहा सांगितलाय. आता सिनेमा काढला, तर त्याचं नाव ‘चहा सांगितला आहे’. धुऊन, इस्त्री करून! पोस्टरवर भुरीमाय गॉगल लावून उभी, मागे तो लंडनचा पूल... आता हे मी कुणाला सांगायचं?

तुम्हाला सांगतो, मला दहाव्या वर्षी लोणखेड्यातून उचलला तो थेट डेहराडूनच्या निवासी शाळेत नेऊन ठेवला. तिथून बंगळुरू. माझी अहिराणी त्या प्रवासात कधीच वाळून गेली असती, पण ही मालिका होती. मेसमध्ये पाण्याच्या जगला मोबाइल टेकवायचा आणि सांबार-भात खाता खाता भुरीमाय ऐकायची. ती सगळ्यांना तू म्हणायची. ड्रायव्हर असो, कारखान्याचा चेअरमन असो. एकदा तहसीलदार गाडीतून उतरला तर त्याला म्हणाली, “काय रे, तुन्हा घर चहा नही शे का?” मी सांबार बाजूला सारलं. म्हटलं, जायचं तर तिथे, जिथे माणसाला तू म्हणतात.

आलो की हो! दोन वर्षं झाली. आईवडील सुरतला भावाकडे, घर बंद होतं ते उघडलं, बाहेरच्या खोलीत माती तपासायची प्रयोगशाळा टाकली. केळी, पपई, ऊस घेऊन घेऊन आपल्या जमिनी खारावल्यात, हे मला मान्य नाही, म्हणजे खारावल्यात हे मान्य आहे, पण त्या तशाच सोडायच्या हे मान्य नाही! हसू नका, मी गंभीर आहे. मी रोज बांधावर जातो. पिशवीत माती घेतो. आणि इथेच घोटाळा होतो. आमच्याकडे पिशवी घेऊन बांधावर येतो तो एकतर कृषी खात्याचा, नाहीतर बँकेचा. त्याच्याशी अहिराणी बोलत नसतात. त्याच्यासाठी घरातल्या चांगल्या कपबशीसारखं पुस्तकी मराठी काढतात.

शेजारच्या कौसाकाकू. या बाईंनी माझं नाक पुसलंय, स्वतःच्या पदरानं. परवा कुंपणावरून मला काय विचारतात? “सर, आपलं जेवण झालं का?” मी म्हटलं, काकू, मी भाग्येश शे, माले तू म्हन ना. तर म्हणाल्या, “असं कसं, सर.” आणि लगेच मागे वळून सुनेला, “ओ माय, दूध उतू जाई ऱ्हायनं ना!” तेवढ्या एका वळणात भाषा बदलली! दूध उतू गेलं तर अहिराणी, मी दिसलो तर मराठी. मला त्या दुधाचा हेवा वाटला. आता हे मी कुणाला सांगायचं?

दिनेशला सांगितलं. दिनेश माझा चौथीपर्यंतचा बाकावरचा जोडीदार, आता शहाद्याच्या रस्त्याला मोटारी भरून देतो, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, “आपली भावना पोहोचली, सर.”

म्हणून मी त्या सिनेमावर जीव टांगला होता, कळलं? म्हटलं, सगळ्या गल्लीनं मिळून भुरीमाय बघायची, अंधारात कोण सर अन् कोण काय, हसता हसता कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घालेल, “दखना का रे?” म्हणेल, म्हणजे पाहिलंस का रे. एकदा तू निघालं तोंडातून की परत आत जात नाही. गाडी ठरवली, गल्ली भरली, दुपारच्या खेळाला शहाद्याला. गाडीत मला पुढची सीट. एकट्याला. मागे बारा जण एकमेकांच्या मांडीवर बसून खिदळतायत आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी, पालकमंत्र्यासारखा...

आणि मग तो सिनेमा! भुरीमायच्या नातवानं तिला लंडनला नेलेली. तिथे तिचं काचेचं हॉटेल. आणि बोलते कशी? “मला माझ्या मातीची उणीव भासते.” उणीव भासते! जी बाई चेअरमनला “येडा व्हयना का तू?” म्हणायची, तिला उणीव भासायला लागली! मी डोकं धरलं. आजूबाजूला पाहतो तर कौसाकाकू डोळे पुसतायत. पडद्यावर बर्फ पडत होता म्हणून.

मध्यंतरात मी दिनेशला धरला. “कसा वाटना तुले?”

“उत्तम आहे, सर. छायाचित्रण फारच सुंदर.”

आणि पाठ वळताच काकूंना म्हणतो, “भारी शे ना, काकू?” काकू म्हणतात, “मंग! ते कारखानानं फाटक, ते ट्रॅक्टर, ते ते आपण रोजच दखतस. त्यानासाठे तिकीट कोन काढी?”

घ्या! म्हणजे बिघडलाय तो एकट्या माझा सिनेमा. हे मी कुणाला सांगायचं?

शेवट तर ऐका. सहा वर्षं न आलेला चहा, तो आला. सुटाबुटातला पाहुणा बसलाय, भुरीमाय स्वतः ट्रे घेऊन येते, वाकते आणि म्हणते, “आपला चहा, सर.”

सर! भुरीमायच्या तोंडून! मी उठलो. कसा उठलो माहीत नाही, पडद्याकडे हात करून ओरडलो, “अरे, तिले आपली भाषामा बोलू द्या ना!”

आणि मागून आवाज आला. खणखणीत. “ओ भो, खाले बठ ना! तुन्हा बापनं थेटर शे का?”

काय सांगू तुम्हाला... अंगावर काटा आला. तुन्हा! बाप काढला माझा, माझ्या भाषेत! दोन वर्षांत इतकं आपुलकीनं कुणी बोललं नव्हतं. खरं तर बसायला हवं होतं. पण मी बसलो नाही. म्हटलं, अजून एक येईल. आलंच! “बहिरा शे का तू?” तू! मी डोळे मिटून घेतले. अजून एक, म्हटलं, फक्त एक...

तेवढ्यात कुणीतरी मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडावर मारली.

“अरे... सर, आपण होय? क्षमा करा. राहा, राहा उभे. आम्ही वाकून बघतो.”

आणि अख्खी रांग वाकली हो! या बाजूचे इकडून, त्या बाजूचे तिकडून, माझ्या दोन्ही अंगांनी माना काढून गुपचूप सिनेमा बघायला लागले. मी संपेपर्यंत उभाच. बसलो असतो, तर त्यांना वाटलं असतं, सरांना राग आला.