गळ्याची गाठ आणि जाऊबाई

दमयंतीबाई पनवेलच्या दवाखान्यात खोकल्याच्या औषधासाठी बसल्या होत्या. तपासणी उरकून कोळीवाड्यातली गुणाबाई आणि तिची सून मालू शेजारी येऊन टेकल्या. सासरा टांगा बघायला गेला होता. दमयंतीबाईंनी खोकला आवरून कान टवकारले.

"मालू, सासऱ्याच्या म्होरं जीभ काढलीस."

"डॉक्टरच बोलले, काढ. मी पदर आडवा धरला, तर बोलले, पदर नको, गळा बघायचाय."

"आनि जिभंसंगं गळ्यातली गाठ वर सरकली."

"त्यावरनंच कळलं ना त्यांना. जन्मापासनं आत व्हती, आता फुगली. करनी नाय कुनाची."

"मी उगाच जावंवर संशय घेऊन वरीसभर तिच्याशी बोलनं टाकलं."

"टाकलंत खरं."

"गाठ कापल्यावर आवाज गेला तर? बाजारात मासली कशी इकशील?"

"नाय जात, बोलले. मुंबईच्या इस्पितळात गाठीसंगं आतलं चिमूटभर हाड काढतात, म्हंजे परत येत नाय."

"बरी झालीस की जीभ दाखवनं बंद."

"आत्या, गाठ गेली का नाय ते बघायला जीभ काढावीच लागल."

गुणाबाईने मालूच्या गळ्याकडे एकदा निरखून पाहिलं.

"मंग मुंबईला जायच्या आधी जावंकडं जाऊ. तिच्या म्होरं एकदा काढ. म्हंजे करनी नाय ते तिला दिसलच, मला काय बोलाया नको."