बैलासारखी निवडलेली टीम

त्या दिवशी ऊन असं होतं, की कुत्रंबी बाभळीची सावली सोडंना. आन् दुपारीच आमच्या गावच्या पोरांची फुटबॉलची मॅच. लागोपाठ चार हरलेले. पाचवी हरली की तालुक्याच्या स्पर्धेतून बाहेर.

कॅप्टन भास्कर सकाळीच माझ्याकडं आला. मी शाळेचं तोंड पाहिलेलं न्हाई, पण बैलाचा मुरगळलेला पाय चोळून बसवतो, म्हणून माणसंबी येतेत.

"आबा, तिघं लंगडायलेत. कोणाला घेऊ, कोणाला बसवू?"

मी म्हणलं, "कोणालाच बसवू नको. पाठव इकडं."

तिघांचे पाय तेल-हळद लावून चोळले. मग बाजारात बैल चालवून बघतेत, तसं त्यांना अंगणात चालवलं. "चाल बरी हाय. खेळव तिघांलाबी." माझ्या शब्दावर भास्करनं तीन धडधाकट पोरं बाहेर बसवली.

मॅच सुरू झाली. पहिला पळाला आन् खाली बसला. दुसरा न पळताच बसला. तिसरा गोलकीपर. बॉल कुठूनबी येऊ द्या, हा उजवीकडंच उडी मारायचा, कारण डावा पाय टेकतच नव्हता. आमच्यावर पाच गोल झाले.

मॅच संपल्यावर भास्कर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मीच म्हणलं, "बैलाला नुसतं चालायचं असतं रे. पळायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

घरी येताना शेजारचे गफूरभाई टेलर संगं होते. दारात आल्यावर म्हणले, "आबा, पुढच्या साली पाय जरूर चोळा, पण समोरच्या टीमचे."