मधलीची जागा

(सकाळची वेळ. फोनवर.)

सिस्टर : ...आणि नीट ऐकून घे, हा फोन मी आपणहून केलेला नाही. मॉनिटरनं करायला लावलाय.

शिवणवाली : बरं.

सिस्टर : नुसतं 'बरं'? कोण बोलतंय ते तरी कळलं का?

शिवणवाली : न कळायला काय झालं? औषध न घेणाऱ्या पेशंटला दटावावं तसं सकाळीसकाळी दुसरं कोण बोलणार? वॉर्ड सुटला, पण आवाज अजून ड्युटीवरच आहे तुझा.

सिस्टर : झालं तुझं सुरू.

शिवणवाली : नाही बाई, काही सुरू नाही केलं. माझा नेम आहे. दुपारचं जेवण होईपर्यंत कुणाला कडू बोलायचं नाही, खोटंही बोलायचं नाही.

सिस्टर : आणि जेवणानंतर?

शिवणवाली : जेवणानंतर मी मशीनवर बसते. मनात साचलेलं सगळं मग सुईखाली जातं.

सिस्टर : तरीच लेकीच्या लग्नातला ह्यांचा कोट तसा झाला.

शिवणवाली : देवा, बळ दे मला... बोल. काय काम होतं?

सिस्टर : एकच सांगायचंय. मधली काल गेली, ते तुला कळलंच आहे. शाळेत बाकावर बसायची तशी साखळीतही ती मध्येच होती. आता आपल्या दोघींच्या मध्ये साखळीत कुणी उरलं नाही. आजवर कसं होतं, सकाळी मॉनिटर मला फोन करायचा, मी मधलीला, मधली तुला, तू उंटाला, आणि उंट परत मॉनिटरला. वर्गातले उरलेसुरले सगळे उठले, हे मॉनिटरला कळायचं. आता क्रमानं जायचं म्हणजे रोज मी तुला फोन करायचा.

शिवणवाली : आणि ते तुला जमणार नाही.

सिस्टर : तुला जमेल?

शिवणवाली : छे.

सिस्टर : बघ, आयुष्यात एका तरी गोष्टीवर आपलं एकमत झालं. म्हणून मी कालच मॉनिटरला म्हटलं, क्रम बदल. मी उंटाला करते, उंट तुला करेल, तू मॉनिटरला कर. म्हणजे आपला एकमेकींशी संबंध नको.

शिवणवाली : उंट मला करणार? अगं, तो मॉनिटरला तरी कुठं करतो? मिस कॉल देतो. शाळेत स्वतःचं खोडरबर झिजू नये म्हणून चुकायचाच नाही तो.

सिस्टर : मग मिस कॉल घे. जिवंत आहेस एवढंच तर कळवायचंय, कीर्तन नाही करायचं.

शिवणवाली : करा बाई काय करायचं ते. फक्त साखळी तोडू नका. गवई एकटा गेला, दारात दुधाच्या पिशव्या साचल्या तेव्हा कुठं शेजाऱ्यांना कळलं. तेवढ्यासाठी तर ही साखळी धरली आपण.

सिस्टर : मधलीनं धरली. आपण नुसते लोंबकळलो. बोक्याचं आठवतंय? बोका साखळीत होता तेव्हा उंटाला फोन मिळायला दुपार व्हायची.

शिवणवाली : बोका! त्याला 'उठलास का' विचारलं की तो आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते सांगायला लागायचा. मी फोन खांद्यात धरून मशीन चालवायचे. त्याचं जेवण संपेपर्यंत माझी दोन झबली शिवून व्हायची.

सिस्टर : शेवटी माझ्याच वॉर्डात होता. पथ्याचं ताट पुढे ठेवलं तर म्हणतो, "सिस्टर, मला बरं करायचंय की घाबरवायचंय?"

शिवणवाली : हो, ते तू कळवलं होतंस ना मला. फार हसले होते मी.

सिस्टर : मी कळवलं होतं? तुला?

शिवणवाली : म्हणजे मधलीकडून. 'शिवणवालीला सांग, तेवढंच तिला हसू येईल,' असं म्हणालीस म्हणे.

सिस्टर : मी असं काही म्हटलेलं नाही.

शिवणवाली : विसरली असशील. रोजच काही ना काही सांगायचीस, किती लक्षात राहणार?

सिस्टर : रोज? अगं, कोटाच्या प्रकरणानंतर मी तुझं नावसुद्धा काढलं नाही कुणाजवळ. मी कशाला तुला निरोप पाठवू?

शिवणवाली : मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं? पट्टी सुटेपर्यंत जोरात हसायचं नाही, हे कुणी सांगितलं?

सिस्टर : कुणी?

शिवणवाली : तूच! मी तंतोतंत पाळलं. उंट मला बघायला आला, अंगणात घसरला आणि बरोब्बर कुंडीत जाऊन बसला. त्याला उठता येईना. मी ओठ चावून उभी. त्याला वाटलं, किती मायाळू बाई आहे. अजून गुण गातो माझे.

सिस्टर : असला सल्ला कुठल्या जगात देतात?

शिवणवाली : आणि तळपाय जळतात त्यावर उलटे मोजे घालायचे, ते?

सिस्टर : उलटे मोजे?

शिवणवाली : 'सिस्टरनं मुद्दाम सांगितलंय, मोजे उलटे घाल.'

सिस्टर : अगं ए! जन्मभर वॉर्ड सांभाळला मी! मोठमोठे डॉक्टर राउंडला निघण्याआधी माझा चेहरा बघायचे. आणि त्या बयेनं माझ्या नावावर उलटे मोजे खपवले?

शिवणवाली : मी अजून घालते. आत्ताही आहेत पायात.

सिस्टर : आणि गुण?

शिवणवाली : आला की. पहिल्या दिवसापासून.

सिस्टर : कसा येईल? फार तर शिवण बाहेर गेली, म्हणून बोटांना टोचायची थांबली असेल.

शिवणवाली : अगंबाई. खरंच की. जन्म गेला माझा शिवणीत, आणि हे सुचलं मधलीला.

सिस्टर : थांब. थांब जरा. म्हणजे ती तुझ्याकडून मला जे सांगायची, तेही...?

शिवणवाली : माझ्याकडून? मी काहीच सांगत नव्हते.

सिस्टर : 'शिवणवालीनं तुझी चौकशी केलीय.'

शिवणवाली : नाही केली.

सिस्टर : 'शिवणवाली म्हणते, सिस्टरसारखं हलक्या हातानं इंजेक्शन कुणाला जमत नाही.'

शिवणवाली : तुझ्या हातचं मी कधी घेतलंच नाही. भीती वाटायची.

सिस्टर : आणि माझे हे आजारी होते तेव्हाचं? मधली रोज सांगायची, 'शिवणवाली नेमाला बसली की तुझं नाव घेते.' मी तशी देवाधर्माची नाही, तुला ठाऊक आहे. पण स्वतःच्याच माणसाला सुई टोचायची म्हणजे मीही डोस तीनतीनदा तपासायचे. तेव्हा मी मनाशी म्हणायचे, असू दे, ती तिकडे बसलीय. तिचं ती बघेल, माझं मी बघते... तेही खोटंच ना?

शिवणवाली : नाही.

सिस्टर : नाही?

शिवणवाली : नाव घेत होते मी तुझं. एक दिवस चुकले नाही.

सिस्टर : मग झालं तर. एवढं एक तरी खरं निघालं.

शिवणवाली : खरं आहे. पण... आता नेमाच्या वेळेला तुझ्याशी खोटं कसं बोलू? मी सगळ्या वर्गाची नावं घेते. आधी जे आहेत त्यांची. त्यांना आयुष्य दे म्हणते. मग गेलेल्यांची. त्यांच्या आत्म्याला शांती दे म्हणते.

सिस्टर : बरं मग?

शिवणवाली : मी तुला दुसऱ्यांत घेत होते.

सिस्टर : दुसऱ्यांत म्हणजे?

शिवणवाली : गवई, बोका... आणि तू.

सिस्टर : मी? गेलेल्यांत?

शिवणवाली : ओरडू नकोस ना. कोटाच्या दिवशी तूच नव्हतीस का माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, 'आजपासून मी तुला मेले'? मी म्हटलं, माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतंय, आपण कशाला अविश्वास दाखवायचा?

सिस्टर : इतकी वर्षं?

शिवणवाली : तेव्हा तर वर्गातलं कुणीच गेलेलं नव्हतं. बरीच वर्षं तू एकटीच होतीस तिकडे. मग गवई आला. बोका आला तेव्हा मला तुझ्यासाठी जरा बरंच वाटलं. म्हटलं, चला, सोबत झाली.

सिस्टर : आणि रोज माझ्या आत्म्याला शांती?

शिवणवाली : नेमानं.

सिस्टर : तरीच! तरीच रिटायर झाल्यापासून मला इतकं शांत शांत वाटतंय! मी आपली समजत होते, पेन्शनीमुळे!

शिवणवाली : हसतेस का रडतेस? काही कळत नाही फोनवर.

सिस्टर : मलाही कळत नाहीये. काय बाई आहेस गं तू! जिवंत माणसाला वर पाठवलंस ते पाठवलंस, आणि वर देवाला तशी हमी दिलीस. पण मग कोटाचंही आज सांगूनच टाक. डावी बाही आखूड होती की नव्हती?

शिवणवाली : बाह्या दोन्ही सारख्या होत्या. खांदे सारखे नव्हते. तुझ्या यजमानांनी आयुष्यभर टपालाची पिशवी एकाच खांद्यावर वाहिली, तो खांदा उतरलेला. मी काय करणार?

सिस्टर : म्हणजे कोट बरोबर, आणि माझा नवरा चुकला?

शिवणवाली : चुकला म्हणत नाही मी. नेम आहे माझा. थोडा इस्त्रीला कमी पडला म्हणते.

सिस्टर : परवा लेकीच्या लग्नाचे फोटो बघत होतो. हे काय म्हणाले माहितीये? 'कोट झकास होता, तूच उगाच भांडलीस.' म्हटलं, हे तेव्हा नाही का सांगायचं? तर म्हणे, तेव्हा तू बोलू दिलं नाहीस. थांब, मधेच कुणाचा तरी फोन येतोय. मॉनिटर आहे. जोडून घेते.

मॉनिटर : वर्ग शांत! शांत म्हटलं ना? काय चाललंय काय तुमचं? किती वेळ झाला, साखळी कुठं अडकलीय? मला उंटाचा फोन आला.

शिवणवाली : मिस कॉल.

मॉनिटर : मिस कॉल नव्हे. फोन. आख्खा फोन. स्वतःचे पैसे घालून. परिस्थिती किती गंभीर आहे, यावरून लक्षात घ्या.

सिस्टर : काय झालं त्याला?

मॉनिटर : त्याला काही नाही झालं. त्याच्या मते शिवणवाली गेली. आज तिचा फोन आला नाही, आणि त्यानं केला तर सारखा एंगेज.

सिस्टर : अरे, गेलेल्या बाईचा फोन एंगेज कसा लागेल?

मॉनिटर : मीही तेच म्हणालो. तर म्हणाला, बोलता बोलताच गेली असेल, तिचा स्वभावच तो. निघालाय तुझ्याकडे, शिवणवाली. फुलं घेऊन.

शिवणवाली : उंट फुलं विकत आणतोय?

मॉनिटर : स्वतःच्या कुंडीतली. असो. आता सूचना ऐका. सिस्टरनं काल सांगितल्याप्रमाणे मी उद्यापासून क्रम बदलतोय. सिस्टर उंटाला करेल, उंट...

सिस्टर : कुणी सांगितलं क्रम बदलायला?

मॉनिटर : तूच. काल संध्याकाळी. अर्धा तास सांगत होतीस.

सिस्टर : काल मी गेलेली होते.

मॉनिटर : कुठं गेली होतीस?

शिवणवाली : वर. बोक्याच्या शेजारी.

मॉनिटर : हे बघा, थट्टा नको. माझं ब्लडप्रेशर आहे.

सिस्टर : मग गोळी घे आणि ऐक. क्रम बदलायचा नाही. तू मला कर, मी हिला करेन.

मॉनिटर : तू? हिला? रोज?

सिस्टर : हिच्या पायात उलटे मोजे आहेत. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

मॉनिटर : मला काहीही कळलेलं नाही. शाळेतही तुमच्या बाकावर काय चालायचं ते कधी कळलं नाही. मधली होती तोवर निदान ती येऊन सांगायची, 'काही नाही रे, सगळं ठीक आहे.'

शिवणवाली : सगळं ठीक आहे रे. ठेव तू.

मॉनिटर : ठेवतो. हजेरी पूर्ण समजतो.

सिस्टर : गेला?

शिवणवाली : गेला. आता दारही वाजायला लागलंय. उंट असणार.

सिस्टर : उघड मग. फुलं घेऊन उभा आहे, तू जिवंत दिसलीस तर परत घेऊन जाईल. आधी फुलं घे हातात.

शिवणवाली : उघडते. पण एक सांगू का? आज माझा नेम मोडला.

सिस्टर : मला एवढंसं बोललीस म्हणून?

शिवणवाली : नाही गं. पहाटे बसले, आहेत त्यांची नावं घेतली, तर सवयीनं मधली आलीच ओठावर. मग आठवलं. म्हटलं, हिला आता तिकडे घ्यायला हवं. तर जीभच वळेना. गवई म्हटलं, बोका म्हटलं, पुढे येईनाच. तशीच उठले, अर्ध्यावर.

सिस्टर : मग राहू दे ना तिला इकडेच. काही दिवस.

शिवणवाली : आणि देवाला काय सांगू?

सिस्टर : मला इतकी वर्षं तिकडे ठेवलंस, तेव्हा त्यानं मनावर घेतलं का? मी ही अशी धडधाकट. आताही नाही घेणार. समजूतदार दिसतोय.

शिवणवाली : हो. तसा आहे तो.

सिस्टर : जा, दार उघड. आणि हे बघ... माझं काय करणार आहेस?

शिवणवाली : तुला उद्यापासून इकडे, तिच्या शेजारी घेते.