मावशी, कुणासाठी आलाय?

माझं म्हाएर खुटबावचं. आमी मेंढरंवाले, म्हंजी आजा-बाप मेंढरं घिऊन घाट उतरून कोकनात जायचे, मी बी लहानपनी घोड्यावर बसून गेल्याली हाय, मग पाटाचं पानी आलं, ऊस आला, मेंढरं इकली, आन् माझं लगीन शिरूरकडं लावून दिलं. आता शिरूरात भाड्याच्या खोलीत ऱ्हातो, मी, ल्योक संतोष, सून सविता आन् नात. संतोष रांजनगावला कंपनीत शिफ्टला जातो, मी तितल्याच दुसऱ्या कंपनीच्या कँटीनला चपात्या लाटती.

माझे मालक वारले तवा त्यांची दारूची अर्धी बाटली कपाटात ऱ्हायली होती. झोप लागंना, खांदं ठनकायचं, म्हनलं बघू, एक घोट घेतला आन् ताई, झोप लागली. ती बाटली सपली, मग दुसरी आनली, दुकानात सांगायची पावन्यांसाठी पायजे. दार लावून प्यायची. कुनी कायबी म्हनलं न्हाई, कारन कुनाला ठावंच न्हवतं. पुढं पुढं सकाळी घेतल्याबिगर हात थरथरायचा, लाटनं धरवायचं न्हाई.

एक दिस सविता म्हनली, आत्या, तुमच्या तोंडाला वास येतोय, मी ह्यांना सांगत न्हाई, पन तुमी सोडा. लाजंनं मेल्यागत झालं. त्याच दिशी उरल्याली मोरीत वतली. आन् दोन-तीन दिसांनी, भर दुपारी, काय सांगू तुमाला, खोलीत मेंढरं शिरली. खरीखुरी. त्यांचा वास, गळ्यातल्या घंटीचा आवाज, समदी खोली भरली, गॅसपाशी, पाळन्यापाशी, आन् मला वाटलं नातीला तुडवत्यात. मी लाटनं घिऊन हुर्र हुर्र करीत हाकलीत होते. सविता दारात आली तर खोलीत कुनी न्हाई, मीच. पोरीनं लेकराला उचललं आन् मागं सरली. माझ्याकडं बघून मागं सरली हो ती. मेंढरापरीस त्याचं भ्या मला जास्त बसलं.

डॉक्टर म्हनले, दारू एकदम तोडली म्हनून असं झालं, जिवावर बेतलं असतं, पुन्ना मनानं असं करू नका. गोळ्या दिल्या, दवाखान्यात ठिवलं. संतोषला सवितानं सांगितलं, ताप डोक्यात गेला. निघताना डॉक्टर म्हनले, गोळ्यांनी अंग बरं हुईल, पन एकटीनं निभायचं न्हाई, दारू सोडल्यालं लोक मिटिंगला बसत्यात, तिथं जावा, पैसं घेत न्हाईत, नाव भाहीर सांगत न्हाईत.

शिरूरला हुती एक मिटिंग. गेले, दारातनं डोकावलं, तर समोर आमच्या कंपनीच्या बसचा डायवर. रोज ज्या गाडीत मी चढते त्या गाडीचा डायवर. तशीच माघारी पळाले. तो तिथं कशाला आला आसंल, हे बी मला सुचलं न्हाई. आठ दिस बसमधी त्याच्याकडं मान वर करून बघितलं न्हाई, वाटायचं आता कँटीनमधी बोंब हुनार.

मग सविताच म्हनली, दौंडला जावा, तिथं कोन वळखतंय. रविवारी न्हावऱ्यावरनं चौफुल्याला उतरले, दौंडची गाडी बघतीय तर पुढं म्हाएरचा मारुतीमामा. कुठं चाललीस गं एकटीच? म्हनलं, दवाखान्यात. तो गाडीत माझ्या शेजारी पाटसपत्तुर बसला, काय हुतंय, कोन डॉक्टर, आन् मी खोटं खोटं सांगत ऱ्हायले, पदराला घाम पुसत.

दौंडला शाळंच्या वर्गात मिटिंग. भाहीर चपला बघितल्या, समद्या गड्यांच्या. पाय उचलंना. आतनं एक म्हातारं मानूस आलं, रेल्वेतनं रिटायर झाल्यालं, आप्पा म्हनत्यात त्यांना समदी. म्हनले, मावशी, कुनासाठी आलाय? मालक पित्यात का पोरगं? आता व्हय म्हनायचं नि सुटायचं, एवढं सोपं होतं. म्हनलं, न्हाई आप्पा, मीच पिती. ते म्हनले, या की मग, आत या, च्या हुतोय. कुनी हसलं न्हाई. त्या दिशी मी नुसतं नाव सांगितलं, दाराशी बसले, मिटिंग सुटायच्या आदी निघाले. पन दुसऱ्या रविवारी बी गेले.

तवर मारुतीमामानं संतोषला फोन केला, तुजी आय दौंडच्या दवाखान्यात जाती, काय मोठं दुकनं हाय का. संतोष घरी आला आन् म्हनला, आये, मला खरं सांग, क्यान्सर हाय का? पोराचं तोंड पांढरं पडलं होतं. सविता माझ्याकडं बघाया लागली. मला वाटलं, सांगितलं तर हा मला घराभाहीर काढंल, न्हाय तर जल्मभर बोलनार न्हाई. पन त्याला तसं भेत ठिवनं बी मला जमंना. सांगितलं समदं. तो डबा बी न घेता शिफ्टला गेला.

रविवारी मी पिशवी घिऊन निघाले तर खाली संतोष फटफटी चालू करून हुबा. म्हनला, बस मागं. शाळंपाशी सोडलं आन् भाहीर लिंबाखाली बसला. तवापासनं शिफ्ट नसली की तोच नेतो. आत मातर येत न्हाई.

वर्गाची खिडकी त्या लिंबाकडंच उघडती. माझी बोलायची पाळी आली की अजून वाटतं पोरगं ऐकतंय, त्याच्या बापाच्या बाटलीचं, मेंढरांचं, समदं. मग मी हळू बोलते. परवा आप्पा म्हनले, मावशी, मागच्यांना ऐकू येत न्हाई. म्या खिडकीतनं बघितलं, संतोष पाठ करून बसल्याला, मोबाइल खिशात, कान हिकडंच. देव त्याला सुखी ठिवो. मी बोलले मोठ्यानं.