सलीमभाईंची भगर

भाभी, शेटजी, आणि माझ्या शॉपमधल्या भावांनो,

जेवणाच्या सुट्टीत मशीनी बंद करून आपण जमलोय. मला बोलता येत नाही. आणि जे बोलायचंय ते बोलायची लाज वाटते. पण आज नाही बोललो तर मी माणूस नाही, राव.

सलीमभाई गेले. आठ दिवस झाले, त्या रविवारी, घरीच, छातीत कळ येऊन. अठरा वर्षं माझ्या शेजारच्या लेथवर उभा राहिलेला माणूस.

त्यांचं जेवणाचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. भाभींचे गुडघे धरले तेव्हापासून पहाटे उठून स्वतः डबा करायचे. इथं पुठ्ठा अंथरला, सगळ्यांचे डबे मध्ये आले, की यांचा तास सुरू. "अरे, नुसती बटाट्याची भाजी काय आणतोस? मुगाची डाळ कोरडी परतून आण, पाच वाजेपर्यंत भूक लागत नाही." "भाकरीबरोबर मेथीचं पिठलं घट्ट कर, डब्यात सांडत नाही." आणि इथल्या डब्यात कधी मटण नाही आणलं त्यांनी. म्हणायचे, "मध्ये ठेवलेलं सगळ्यांना खाता आलं पाहिजे."

सगळे खायचे. मी नाही.

का नाही? आता सरळ सांगतो. त्यांच्या घरचं मला चालत नव्हतं. तोंडानं म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून म्हणायचो, "सलीमभाई, आज उपवास." सोमवार उपवास. गुरुवार उपवास. संकष्टी उपवास. उरलेल्या दिवशी पित्त. आणि स्टोअरच्या मागं उभं राहून घरची चपाती-भाजी गिळायचो. चोरासारखा.

आणि हा देवमाणूस काय करतो? पुढच्या सोमवारी वेगळा डबा माझ्या हातात. भगर आणि दाण्याची आमटी. "दत्ताभाऊ, उपाशीपोटी आठ तास उभं राहू नका. पातेलं नवं घेतलंय, फक्त तुमच्या उपवासाचं. हळद नाही घातली, तेवढं कळतं मला."

मी काय म्हणालो असेन? "आमच्यात उपवासाला जिरं चालत नाही." पुढच्या वेळी बिनजिऱ्याची आली! मग म्हणालो, कोथिंबीर चालत नाही. तीही गेली. माझी कारणं संपली, त्यांची भगर संपेना. मग म्हणायला लागलो, "संध्याकाळी घरी खातो."

घरी नेलीच नाही कधी. नाक्यावरच्या गाईला घालायचो. वर पुण्य लागलं म्हणून हात जोडायचो. डबा धुऊन सकाळी परत. "झकास झाली होती!" आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा. भाभी, तुम्हाला वाटत असेल, दत्ताभाऊला तुमच्या घरची भगर फार आवडते. मला तिची चवच माहीत नाही.

मला वाटायचं, त्यांना पत्ता नाही. केवढा शहाणा मी! ते गेले त्याच्या आधीच्या गुरुवारी डबा देताना हळूच म्हणाले, "भाऊ, आज आमटी घट्ट केलीय. गाय पातळ पीत नसेल."

रागावून नाही. हसून! मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ज्याला माहीत आहे की आपलं अन्न गाईपुढं जातंय, तो माणूस तरी पहाटे उठून दाणे भाजतो? का? मी विचारलं नाही. ठरवलं, सोमवारी सगळ्यांच्या मध्ये बसेन, त्यांच्याच डब्यातलं खाईन, पाय धरेन. सोमवार आला. सलीमभाई आले नाहीत.

तो गुरुवारचा डबा शुक्रवारी परत द्यायला लाजेनं धजलो नाही, तो माझ्याकडेच राहिला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात आपल्यात. एवढी वर्षं मी रिकामाच दिला. आज सकाळी पहिल्यांदा स्वतः चुलीपुढं उभा राहिलो. भगर केलीय. जिरं घातलंय, कोथिंबीरही. खाली थोडी लागली, माफ करा.

भाभी, हा तुमचा डबा. एक घास घ्याल का? मला हक्क नाही विचारायचा. माझ्या हातचं नको वाटलं, तर सरळ नको म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. फक्त उपवास आहे असं सांगू नका.

भावांनो, आता उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मी एवढंच सांगून गप्प होतो.

सलीमभाई, आज सोमवार आहे. माझा उपवास नाही. कधीच नव्हता.